मालू, तू विचारून घेतलं होतंस

मालू, परवा डॉक्टर प्रधान तुझ्या घरी भेटायला आले होते. टोपी हातात धरून जिना चढले आणि तुझ्या दारापर्यंत पोचायच्या आधीच कोपऱ्यातल्या बिऱ्हाडातल्या गोदामावशींनी त्यांना गॅलरीत गाठलं. "आता कित्याक इल्यात? प्रयोग करून तिका मारल्यात, आता घर बघूक इल्यात?" खालच्या नळापर्यंत ऐकू गेलं असेल. वसंतराव आत खुर्चीत बसून होते, ते उठले नाहीत. बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून बायका दारात आल्या आणि एकेक करून सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. तुला "ती शस्त्रक्रिया नको करूस" म्हणणारी अख्ख्या इमारतीत मी एकटीच होते ना! तेव्हा आता मी पदर खोचून पुढे व्हावं आणि मावशींपेक्षा चार शब्द जास्तच सुनवावेत, असं सगळ्यांना वाटत होतं.

मी डॉक्टरांना आमच्या घरात नेलं आणि चहा टाकला.

तेव्हापासून मावशी माझ्याशी बोलत नाहीत. तू गेल्याला अजून महिनासुद्धा झाला नाही, आणि मी तुझ्या मारेकऱ्याला चहा पाजला, असं त्या पाणी भरताना सगळ्यांना सांगतात. आमचे हेसुद्धा जेवताना म्हणाले, "तुला झालंय तरी काय?" मला काय झालंय ते तुलाच सांगायला हवं. एरवी मी बोलायला लागले की तू मध्येच "थांब, म्हणजे नेमकं काय?" म्हणून अडवायचीस. आता पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होईल. पण खरं सांगू, तू अडवलं असतंस तर बरं वाटलं असतं.

तू पेणहून लग्न होऊन मुलुंडला आलीस, आमच्या शेजारच्या खोल्यांत. आपल्या दोघींत एक भिंत. आल्या आल्या सत्यनारायणाच्या पूजेत तू भटजींना थांबवून विचारलंस, "ह्याचा अर्थ काय हो?" भटजींना तो येत नव्हता. त्यांनी घाम पुसला, वसंतरावांनी डोळे वटारले, आणि तू आपली हात जोडून उत्तराची वाट बघत बसलीस. भाजीवाली, विजेची तार जोडायला आलेला माणूस, माझा भाऊ, कोणी सुटलं नाही. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, "हिच्या माहेरच्यांनी रुखवतात लाडूंबरोबर प्रश्नांचं एक मडकंही पाठवलंय. लाडू संपले, मडकं काही रिकामं होत नाही."

आपल्या दोघींना दिवस एकाच सुमाराला राहिले. तुझं दुसरं, माझं तिसरं. माझी आधीची दोन हाती लागली नव्हती. पहिलं पोटातच गेलं, दुसऱ्याने जगात येऊन एकदाही डोळे उघडले नाहीत. दोन्ही वेळा सुईण म्हणाली होती, "बाईच्या अंगात रक्तच नाही." माझी नखं तेव्हा पिठात बुडवल्यासारखी पांढरी होती. ह्या खेपेला काय होणार, हे मला कोणी विचारत नव्हतं आणि मीही कोणाला विचारत नव्हते. रात्री फक्त भिंतीला पाठ टेकून बसायचे, आणि पलीकडून तू दोनदा ठोकायचीस.

त्याच सुमाराला शहरातल्या एका इस्पितळातून डॉक्टर प्रधान आपल्याकडच्या प्रसूतिगृहात येऊ लागले. गर्भार बायकांच्या अंगात रक्त कमी पडतं, त्यावर दोन तऱ्हेच्या गोळ्या आहेत, त्यांतली कुठली जास्त लागू पडते ते बघायचं होतं. हे त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या नवऱ्यांना जमवून सांगितलं. नवऱ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं, "ताकदीच्या गोळ्या मिळणार आहेत तुम्हा बायकांना, फुकट." बाकीचं व्हरांड्यातच राहिलं.

मग काय, आपण गेलो. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचे, चिठ्ठी काढायचे, आणि कोणाला तांबड्या गोळ्या, कोणाला पिवळ्या. गोदामावशींची खात्री होती की आपलं रक्त बाटल्या भरून विकतात. थेंबाने कुठली बाटली भरते, असं म्हटलं तर त्या म्हणायच्या, "थेंबे थेंबे तळें साचे." तरी सुनेला, रजनीला, त्यांनी पाठवलं. फुकटची ताकद कोण सोडतं?

तू मात्र डॉक्टरांच्या टेबलापाशी उभी राहिलीस.

"ह्या कसल्या गोळ्या?"

"ताकदीच्या."

"मग दोन रंग कशाला?"

"तुम्ही घ्या हो बाई. तुम्हाला कळून काय करायचंय?"

"जाणार माझ्याच पोटात ना?"

डॉक्टर हसले, "हुशार आहात" म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली. येताना वाटेत मिठागरांकडून वारा सुटला होता आणि तू इतकी तणतणत होतीस की मला हसू आवरेना. तुला उत्तर दिलं नाही ह्याचा तुला राग नव्हता, हुशार म्हटलं ह्याचा होता.

पुढचा घोळ आपल्या इमारतीतच होऊ शकतो. रजनीचं डोहाळजेवण होतं. पानं उठली, सुपारी झाली, आणि मी पदराच्या गाठीतली माझी तांबडी गोळी काढून तोंडात टाकणार, तोच मावशींनी हात धरला. "अगो, गरवार बाईच्या तोंडासमोर एकटीन काय खाव नये. पोराची लाळ गळता मगे." रजनी खरंच माझ्या गोळीकडे बघत होती, कारण तिची पिवळी होती. आता गर्भारशीने पाहिलेली वस्तू तिला न देता खायची, हे आपल्यात कधी झालंय? मी तांबडी तिला दिली, तिने तिची पिवळी मला दिली. तुझी पिवळी समोरच्या बिऱ्हाडातल्या सरलाने मागितली, तीही गर्भार. आणि मग कोणीतरी म्हणालं, रोज कशाला मागामागी? सगळ्या एकत्रच ठेवू. मावशींनी पानाचा पितळी डबा घासून पुसून दिला. रोज दुपारी तांदूळ निवडून झाले की डबा फिरायचा, आज एक रंग, उद्या दुसरा. कोणालाच कमी नको, कोणालाच जास्त नको. मला त्याची आजही लाज वाटत नाही, मालू. शेजारणीच्या पोटातल्या पोराची काळजी केली, ह्यात लाजायचं काय? आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की तो डबा फिरवायचा नाही.

मग तो दिवस आला. आपण बाकावर बसलो होतो, बोटं टोचून झाली होती. आत डॉक्टर नर्सबाईंना खुशीत सांगत होते, "दोन्ही गोळ्या अगदी सारख्या लागू पडताहेत. मग ही महागडी पिवळी हवीच कशाला? तसं कळवून टाकू." मी ऐकलं आणि सोडून दिलं. तू ऐकलंस आणि तुझा चेहरा उतरला. उठलीस, तडक आत गेलीस. "डॉक्टर, कळवू नका. ते खरं नाही. आम्ही सगळ्याजणी गोळ्या वाटून खातो."

डॉक्टरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी त्यांना कळेचना. कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "वाट लावलीत तुम्ही सगळ्याची!" त्यांनी नर्सबाईंना सांगून गोळ्या परत घ्यायला लावल्या आणि मुलुंडचं काम बंद म्हणून निघून गेले.

मला सातवा लागला होता. नखांवर नुकता कुठे रंग चढत होता. घरी येऊन गॅलरीत पोचल्यावर मी अशी ओरडले की खालचे लोक वर बघू लागले.

"मला विचारलंस का गं? माझ्या गोळ्या होत्या त्या!"

"शांते, अगं आपल्या डब्यामुळे कुठल्या कुठल्या बायकांना खोटं उत्तर मिळालं असतं. पिवळीने एखादी वाचणार असेल, तर तीच बंद झाली असती."

"ते कळलं मला. मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अगं, कोणी नाही म्हणेल म्हणूनच तर विचारायचं असतं!"

तू गप्प झालीस. तुला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याचा आनंद झाला, हेही लिहून टाकते. त्या रात्री मी भिंत ठोकली नाही. तूही नाही.

आपलं ते भांडण मिटलं नाही कधी. तू खरं बोललीस हे मला तेव्हाही पटलं होतं. पण डॉक्टर आम्हाला न विचारता आमच्या पोटात गोळ्या घालत होते, म्हणून तू रागावलीस, आणि आम्हाला न विचारता त्या काढून घ्यायची वेळ तूच आणलीस. एवढं एक मी तुझ्याकडून कबूल करून घेणार होते. आता ते राहिलं. पण तू गेलीस म्हणून मी माघार घेईन, असं समजू नकोस. त्या बाबतीत माझंच बरोबर होतं.

पुढचं मात्र श्रेय तुझं. दुसऱ्याच दिवशी तू आठवा लागत आलेलं पोट सांभाळत, वसंतरावांना बरोबर घेऊन, थेट शहरात त्यांच्या इस्पितळात गेलीस आणि त्यांना म्हणालीस, "आधी सांगितलं असतंत तर आम्ही वाटल्या नसत्या. चूक झाली ती तुमच्या व्हरांड्यात." काय बोललीस ते वसंतरावांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. पण डॉक्टर माणूस सरळ. रविवारी स्वतः आपल्या इमारतीत आले. तू नवऱ्यांना खाली अंगणात उभं केलंस आणि आम्हा बायकांना तुझ्या खोलीत बसवलंस. डॉक्टर पाटावर बसले, गुडघे छातीशी.

"कुठली गोळी जास्त चांगली ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. डॉक्टरला ठाऊक नाही, हे कोणी डॉक्टरच्या तोंडून ऐकलंय कधी? मावशी दाराशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मगे तुमका पगार कसलो मिळता?" डॉक्टर हसले, पण ह्या वेळी उत्तर दिलं. दोन्ही गोळ्यांत लोह आहे, पिवळीत आणखी एक नवीन औषध आहे, ते खरंच उपयोगी आहे की नुसतंच महाग, ते बघायचंय. चिठ्ठी काढायची ती आपलंतुपलं होऊ नये म्हणून. आणि एकाच बाईने दोन्ही खाल्ल्या तर रक्त कशाने वाढलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कोणाची तब्येत बिघडली तर चिठ्ठी बाजूला ठेवून तिला लागेल ते देणार. ज्यांना ह्यात राहायचं नाही त्यांनी राहू नये, त्यांचे नेहमीचे उपचार चुकणार नाहीत.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" तू विचारलंस.

"तुम्हाला कळणार नाही असं वाटलं."

"आता कळलं?"

डॉक्टरांनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. "कळलं," ते म्हणाले.

मग त्यांनी एकेकीला वेगळं विचारलं. सरला हो म्हणाली. रजनी म्हणाली, "माका नको." तिने जन्मात कोणाला नको म्हटलेलं नव्हतं. मावशींचा आ वासला तो मिटेना. डॉक्टर नुसते "बरं" म्हणाले आणि तिच्या साध्या गोळ्यांची सोय केली. मग माझी पाळी आली. माझ्या पोटातल्या पोरासाठी काय करायचं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. गोळी घ्यायची ती आपापल्या स्वयंपाकघरात, दार लोटून, असं ठरलं. म्हणजे गर्भारशीच्या समोर खाल्ल्याचं पापही नको. माझी नलू जन्मली तेव्हा तिने असा टाहो फोडला की तू पलीकडून भिंत ठोकायचं सोडून बडवत होतीस. कुठली गोळी सरस ठरली ते सांगायला डॉक्टर पुढे आले होते, तू ते खोदून खोदून विचारलंसही. माझ्या मांडीवर नलू होती, मी काही ऐकलं नाही.

नलू आता शाळेत जाते. आणि ह्या वर्षभरात तू जिन्याच्या मधल्या वळणावर बसायला लागलीस. आधी पिशवी ठेवायला, मग पदराने वारा घ्यायला, मग नुसतीच. लहानपणी तुझे सांधे सुजून ताप आला होता, त्याने हृदयाची झडप चिकटत गेली, असं प्रधानांनी छाती तपासून सांगितलं आणि तुला शहरात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथून आलीस त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलीस. मी पोळ्या लाटत होते.

"काजाचं भोक आवळून गेलं की आपण बोट घालून सैल करतो ना," तू म्हणालीस, "तसंच करणार. चालत्या हृदयात बोट घालून."

माझं लाटणं थांबलं.

तू सगळं सांगितलंस. ही शस्त्रक्रिया नवी आहे, आपल्याकडे अजून मोजक्याच लोकांवर झाली आहे. बरे होऊन घरी गेले त्यांचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दगावले त्यांचंही, तू विचारल्यावर, लपवलं नाही. रक्त जाऊ शकतं. आतली रक्ताची गाठ सुटून डोक्यात जाऊ शकते. तुझ्यावर जे करतील त्यातून ते पुढच्यांसाठी शिकणार, हेही तू त्यांच्याकडून स्पष्ट वदवून घेतलं होतंस. आणि नाही केलं तर आधी जिना सुटेल, मग आडवं पडून झोपणं सुटेल, तसं ते अर्धं सुटलंच होतं, मग बाकीचं. "वसंतरावांना विचारलं, ते म्हणाले तू ठरव. आता तुला विचारते, शांते. करू?"

"नको," मी म्हटलं.

"का?"

"मला भीती वाटते."

"बरं झालं सांगितलंस," तू म्हणालीस, माझी एक गरम पोळी नुसतीच खाल्लीस, आणि पुढच्या आठवड्यात इस्पितळात दाखल झालीस.

मी तिथे येऊन तुझ्यावर उखडले. "करायचंच होतं तर मला विचारलंस कशाला?"

"विचारायचं असतं असं तूच म्हणाली होतीस ना?" आणि हसलीस, दम लागेपर्यंत.

शस्त्रक्रियेनंतर मी आले तेव्हा तू पलंगावर सपाट निजली होतीस. उशीसुद्धा नव्हती. "बघ गं, आडवी झोपलेय," एवढंच कुजबुजलीस, नवी साडी दाखवावी तशी. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला. वाटलं, जिंकलो. तिसऱ्या दिवशी गाठ सुटली आणि डोक्यात गेली. त्यांनी जे होऊ शकतं म्हणून सांगितलं होतं, तेच झालं.

मला तुझी फार आठवण येते, मालू. भांडी घासताना येते, तुझ्या दोन्ही मुलांना वाढताना येते, नलूची वेणी घालताना येते. अजून हात भिंतीकडे जातो. तुझ्यासारखी शेजारीण मला लाभली, नाहीतर मी जन्मभर माना डोलावणाऱ्यांच्या मागे उभी राहिले असते. हे तू असताना सांगायला हवं होतं, पण तू लगेच विचारलं असतंस, म्हणजे नेमकं काय?

काल दुपारी भांडुपहून एक मुलगी आली. विशी-बाविशीची, बरोबर सासू. जिना चढून आली आणि दारातच बसली, तुझ्यासारखी. तिची तीच झडप, तीच शस्त्रक्रिया. तुझं काय झालं हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. वसंतरावांना आधी विचारूनच डॉक्टरांनी तिला त्यांच्याकडे पाठवलं होतं, पण वसंतरावांना बोलवेना, म्हणून त्यांनी आमचं दार दाखवलं. तिची सासू आधीच म्हणाली, "तुमीच सांगा हिला समजावून. तुमी तुमच्या मैत्रिणीला नको म्हटलं होतं, असं ऐकलं."

"हो, म्हटलं होतं."

"बघ," सासू सुनेला म्हणाली. "ह्यांचंच बरोबर निघालं ना?"

दारापलीकडे गोदामावशी उभ्या होत्या. बोलत नसल्या तरी ऐकत होत्या. मी हो म्हटलं असतं तर सगळी इमारत माझ्या बाजूची झाली असती, आणि ती मुलगी उठून घरी गेली असती. कदाचित जगलीही असती, काही दिवस.

"नाही," मी म्हटलं. "मी म्हटलं तसं झालं, एवढंच. मी काही न विचारता, घाबरून नको म्हटलं होतं. तिने सगळं विचारून घेतलं, मरण येऊ शकतं हेसुद्धा, आणि मग हो म्हटलं. तिच्यावर कोणी प्रयोग लादला नव्हता. ती समजून-उमजून गेली होती."

मावशींनी डोळ्याला पदर लावला.

"म्हणजे मी करू?" मुलीने विचारलं.

"ते मी नाही सांगणार. डॉक्टरांना काय काय विचारलंस?"

तिने मान खाली घातली. "काहीच नाही. आमच्या ह्यांनी विचारलं."

मी तिला पाणी दिलं, तिचा श्वास बसेपर्यंत थांबले, आणि तू डॉक्टरांना विचारलं होतंस ते सगळं एकेक करून तिला सांगायला लागले. थोड्या वेळाने तिने मला मध्येच अडवलं.

"थांबा," ती म्हणाली, "म्हणजे नेमकं काय?"